कुठल्याच फाइलमध्ये नसलेली ओळ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. असलं कोणी सांगितलं की पहिली खिल्ली मीच उडवायचे...

माझी आई उरणकडची धवलारीण — म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवले, विधींची गाणी, गाणारी. तिची एक पद्धत होती. शेवटी प्रत्येक नवरीसाठी ती स्वतः एक ओळ बांधायची. माझ्या लग्नात मात्र तिथवर येऊन ती गप्प झाली. पुढचं मावशीने उरकलं. गावभरच्या पोरींना ओळ मिळाली, पोटच्या पोरीला नाही. ते कायम सलत राहिलं. विचारायचा धीर झाला नाही, आणि यंदा आई गेली.

तिचे धवले मी फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून टाइप केले. मावसबहिणीने तेच मावशीकडून ऐकून उतरवले होते. रविवारी दुपारी, न्यू पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मी दोन्ही फाइलींवर डिफ चालवलं. ही साधी कमांड आहे. दोन फाइलींतले फरक शोधून, पहिलीची दुसरी करायला काय करायचं ते लिहून देते — ही ओळ काढ, ती बदल, इथे ही घाल. पदरचं एक अक्षर घालत नाही.

सगळ्यात शेवटी आलं, इथे ही ओळ घाल —

"पायाची खारी माती बायो, सासरच्या पान्यानं धऊ नको"

बायो मला फक्त आई म्हणायची.

"तूच टाइप केलं असशील," नवरा म्हणाला. दोघांनी मिळून शोधलं. ओळ कुठल्याच फाइलमध्ये नव्हती. कमांड परत चालवली, तर आलीच नाही. स्क्रीनवर वर मात्र पहिल्या वेळी आलेली ओळ अजून दिसत होती. त्यानेही वाचली.

मावशीला फोन करून ओळ वाचून दाखवली.

"तुना कोनी सांगितली? हलदीला तुज्या आयनं मना एकटीला म्हनून दाखवली व्हती. मांडवान गला दाटला तिचा. मी कोनाला बोलले नाय."

मी फोन धरून रडत राहिले.

मावशी म्हणते, आता लिवून ठेव. मी फाइलींत लिहीत नाही. दोन्ही फाइलींत तीच ओळ असली तर फरक उरणार नाही, आणि डिफ तिच्याबद्दल काही बोलणार नाही. एकीतच लिहिली, तर डिफ माझंच लिहिलेलं दाखवेल. म्हणून जागा रिकामी ठेवलीय.

हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. कमांड रोज चालवते. बाकीचे फरक येतात, ती ओळ येत नाही.

आय, एकदा परत बोल ना.