काचेच्या रबराला ग्रीस

आधी एक सांगते, रबर मी बसवलं होतं आणि नीट बसवलं होतं. माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही, म्हणून मीच लिहितेय.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. पांढरी अँबॅसिडर, पुढं सलग बाकड्यासारखी सीट. आबा गेले आणि पप्पांची आणि तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची, वाटणी झाली. रान वाटलं, भांडी वाटली, तात्या इंदापुरात राहायला गेले, पप्पा गावात, वरकुट्यातच राहिले. विहीर काय वाटता येत नाही, म्हणून पाण्याच्या बाऱ्या लावल्या, एक आठवडा आमचा, एक तात्यांचा. गाडी तरी कुठं मधून कापता येतीय, मग तिलाही बारी. पाडवा ते पाडवा आमच्याकडं, पुढचं वर्ष तिकडं. भाऊ भाऊ बोलायचे बंद झाले, पण बारी कधी चुकली नाही. पाडव्याला सकाळी एकानं किल्ली ओट्यावर ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. तोंड उघडायचं काम नाही.

तात्यांच्या पोरीचं लग्न ठरलं ते नेमकं आमच्या बारीत. ती आणि मी बरोबरीच्या, आबांच्या शेजारी त्या सीटवर भांडत भांडत वाढलेल्या. आबा म्हणायचे, तुमा दोघींची पाठवणी हिच्यातनंच. तात्या काही गाडी मागायचे नव्हते. पप्पांचं एकच, "मागू दे की त्यानं. मी काय न्हाय म्हणतोय व्हय?" शेवटी तिनंच मला मेसेज टाकला, की मला आबांच्या गाडीतनंच सासरी जायचंय, तू कायतरी कर.

मी तो पप्पांना वाचून दाखवला. ते उठून बाहेर गेले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाले, "ने. पर नीट करून न्यायची. त्याला नाव ठेवायला जागा ठेवायची न्हाय."

नाव ठेवायला जागा एकच होती, पुढची काच. तिच्या भोवतीचं रबर वाळून करपलेल्या भाकरीसारखं झालं होतं, गाडी धुतली की पाणी आत पायावर. मी बारामतीला एमआयडीसीत एका डेअरीच्या लॅबमध्ये आहे. डब्याच्या सुट्टीत व्हिडिओ बघून बघून मला ते काम पाठच झालं. पुण्यावरनं नवं रबर मागवलं. जुनं कापून काढलं, कडेचा गंज घासला, काच गोधडीवर ठेवून नवं रबर तिच्याभोवती चढवलं. रबराला बाहेरच्या अंगाला एक खाच असते, तिच्यात नायलॉनची दोरी फिरवायची. मग काच बाहेरून चौकटीवर ठेवायची, दोरीची टोकं आत सोडायची. एकानं आत बसून दोरी हळूहळू ओढायची, दुसऱ्यानं बाहेरून तळव्यानं दाबायचं, की रबराची कड पत्र्यावर चढत जाते. सरकायला साबणाचं पाणी. दोन माणसं लागतात म्हणून पप्पांना हाक मारली.

ते विहिरीच्या मोटारीच्या खोलीतनं ग्रीसचा डबा घेऊनच आले.

"पप्पा, साबणाचं पाणी केलंय मी."

"साबण काय भांडी घासायला? पाइपलाइनीच्या रबरी रिंगला मी ग्रीसच लावतोय. आजवर एक जॉइंट गळला न्हाय."

"त्या रिंगा जमिनीत असतात. ग्रीसनं हे रबर फुगतं, व्हिडिओत सांगितलंय."

"व्हिडिओवाल्यानं कधी पाइपलाइनीची चारी खांदलीया का, इचार त्याला."

तोवर चार बोटं डब्यात जाऊन खाचेत फिरलीसुद्धा. मी गप्प बसले, कारण त्या भावाच्या लेकीसाठी हा माणूस पहिल्यांदा आपणहून हात काळे करत होता. मी आत बसून दोरी ओढली, त्यांनी बाहेरून दाबलं आणि काच अशी बसली म्हणून सांगू. फवारणीच्या पंपानं पाणी मारलं, थेंब आत नाही. पप्पा काचेवर टिचकी मारून म्हणाले, "बघू आता काय म्हणतोय त्यो."

लग्नाच्या आधी दोन दिवस मला वरच्या कोपऱ्यात रबर सुजल्यासारखं दिसलं. पुसून घेतलं, दाबून बसवलं. पण लग्नाच्या दिवशी गाडी इंदापुरात कार्यालयासमोर सकाळपासून उन्हात, फुलांनी मढवलेली. पाठवणीच्या वेळी ती पुढच्या सीटवर बसली, आईला बघायला पुढं वाकली, हात टेकला डॅशबोर्डवर. रबराखालनं वितळलेलं काळं ग्रीस तिथंवर ओघळलं होतं. त्याच हातानं तिनं डोळे पुसले. सगळं तोंड काळं, शालूवर पाच बोटं. माणसं हसली. एकाचा मोबाईलही वर गेला.

तात्या पुढं आले. रबर फुगून कोपऱ्यात बाहेर लोंबत होतं. त्यांनी ग्रीस बोटावर घेऊन वास घेतला आणि वाटणीपासून पहिल्यांदा पप्पांशी बोलले. "रबराला ग्रीस कुणी लावलं रं?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पोरीनं बसवलंय. मी म्हणत हुतो, गॅरेजला ने म्हणून."

"पोरीच्या हातात पाना दिल्यावर आणि काय व्हायचं?"

"व्हय की," पप्पा म्हणाले आणि हसले. तात्याही हसले.

ती दुसऱ्याच गाडीतनं गेली. मी आमच्या गाडीवरची फुलं काढत बसले. आई जवळ येऊन म्हणाली, "जाऊ दे, निदान दोघं भाऊ बोललं तरी." आता मी खरं सांगितलं तर दोन भावांचं जुळलेलं मोडायचं पाप माझ्या माथी. चार दिवसांनी तिचा मेसेज आला, अगं निदान साबण तरी लावायचास. 'पप्पांनी लावलं' एवढं टाइप केलं आणि पुसलं.

पाडव्याला तात्या आले. किल्ली ओट्यावर नाही, पप्पांनी हातात दिली. आत बसून चहा झाला, मीच नेऊन दिला. "रबर बदलून घे," पप्पा म्हणाले. "घेतो की," तात्या म्हणाले, "पर पुढल्या बारीला ह्या मेकॅनिकला हात लावू देऊ नगं." परत दोघं हसले. तेव्हापासून कुणी पाहुणा आला की ही गोष्ट निघते, आणि दर वेळेला पप्पाच सांगतात, ते पण रंगवून.

आता माझ्यासाठी स्थळं बघतायत. पप्पा म्हणाले, "पुढल्या वर्षी आपली बारी, तुझी पाठवणी आबांच्याच गाडीतनं."

मी म्हटलं, मी एसटीनं जाईन. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.