कोड्यातला एकच बांध

मी गॅसवर डाळ ठेवून शेतावर गेले आणि भांडं जळून काळं झालं. तेव्हापासून मुलाने धोशा लावला. आईचं डोकं चालत नाही, तिला खोपोलीला फ्लॅटवर न्यायचं. कोंडाण्यात, आमच्या गावात, मी एकटी राहते. मला जायचं नव्हतं.

सुनेने खालापुरातून कोड्यांचं पुस्तक आणून दिलं होतं. ठिपक्यांच्या चौकटी, काही चौकटींत आकडा. जेवढा आकडा, तेवढ्याच बाजूंना रेघ. शेवटी सगळ्या रेघा मिळून एकच बंद कुंपण व्हायला हवं. मी चौथी शिकलेली, पण मला जमलं. शून्य दिसलं की चारी बाजूंना आधी फुल्या. अगदी कोपऱ्यात तीन असला की कोपऱ्याच्या दोन्ही बाजू ओढून टाकायच्या. ठिपक्यात शिरलेली रेघ बाहेर पडलीच पाहिजे आणि तिथे तिसरी चालत नाही.

एका रविवारी मुलगा मला न्यायला गाडी घेऊन आला. सून म्हणाली, "आदी त्यांना एक कोडं सोडवू द्या. सुटलं तर ऱ्हाऊ द्या हितंच."

"आन नाय सुटलं तर आज निघायचं, आये. कुरकुर नाय."

"बस समोर. आन पाय हलवू नको, माझं ध्यान जातं."

त्यानेच पान निवडलं, शेवटाकडचं. निम्मं झरझर झालं. मग डावीकडे रेघेची दोन टोकं समोरासमोर आली आणि मी ती जोडून कुंपण तिथेच बंद केलं. जन्मभर भात लावलं, प्रत्येक खाचराला त्याचा बांध घातला. हात तसाच चालला.

"झालं?" मुलाने विचारलं.

उजवीकडे तीन आकड्याच्या दोन चौकटी शेजारी-शेजारी होत्या. त्यांच्या रेघा मीच ओढलेल्या, आणि त्या माझ्या बांधाबाहेर सुट्या पडल्या होत्या. त्याने ते पाहिलं होतं. मी पेन्सिल कधी खाली ठेवते, याची तो वाट बघत होता.

"चुकलं," मी म्हणाले. ती रेघ खोडली, तिथे फुली मारली. आता डावी टोकं वळसा घालून उजवीकडेच न्यावी लागणार होती. एकेक ठिपका बोटाने दाबून मी रेघ नेली आणि शेवटचं टोक मिळवलं.

"पन चुकलीस ना," मुलगा म्हणाला.

"चूक कुनी दाखवली त्यांना?" सून म्हणाली. "तुमी तर बगत बसला व्हता."

तो उठला. "रोज सकाळी फोन करीन. एक दिस उचलला नायस, तर न्यायला येनार."

"नऊनंतर कर. त्याआदी मी शेतावर असते."

ती दोघं जेवून गेली. मी राहिले.