डोळ्यांत काय घालता?

आतड्यांचं स्कॅन करायचं तर आधी आतड्याला गप्प बसवावं लागतं. ते सारखं वळवळत राहतं आणि चित्र पुसट येतं. म्हणून दंडात एक इंजेक्शन द्यायचं, की मी मशीनवर माझं काम उरकेपर्यंत आतडं निपचित. हे इंजेक्शन देणाऱ्या आमच्या सिस्टरला सगळे फौजदार म्हणतात. सुई टोचण्याआधी तिची उलटतपासणी ठरलेली.

त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, "काही औषध चालू आहे?" तो म्हणाला, "छे!" संध्याकाळी त्याचा डोळा लालभडक झाला, दुखण्याने तो कळवळला. त्याला काचबिंदू होता आणि काही काचबिंदूंत हे इंजेक्शन डोळ्यातला दाब वाढवतं. थेंब तो रोज घालायचा, पण पोटात जातं तेच औषध, असा त्याचा हिशेब. डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून, बावीस वर्षं, ती थेटच विचारते, "डोळ्यांत काय घालता?"

गेल्या महिन्यात तिची अक्का पोटदुखीसाठी स्कॅनला आली. आईमागे हिनेच कपडे शिवून धाकटीला नर्स केलं.

"मलाही दम भरणार का गं?" अक्का म्हणाली. "माझं काय तुला ठाऊक नाही?"

सिस्टर हसली. मीही म्हणालो, "चला, आटपा, मशीन मोकळंच आहे." तिने अक्काच्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. पण जित्याची खोड!

"डोळ्यांत काय घालतेस?"

अक्काने पिशवीतून छोटी बाटली काढली. सिस्टरने तिच्यावरचं नाव वाचलं, काचबिंदूचेच थेंब, आणि सुई ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांनी डोळ्याला न बाधणारं दुसरं इंजेक्शन सांगितलं. चित्र स्वच्छ आलं; आतड्याला नुसती सूज होती, गोळ्यांनी उतरेल अशी.

अक्का चप्पल घालत असताना सिस्टरने विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. उजव्या डोळ्याने सुईत दोरा ओवता येत नाही."

"दर रविवारी येते मी. सांगितलं का नाहीस?"

"येतेस गं. घाईत येतेस, घाईत जातेस. विचारलंस कधी?"

फौजदाराला रडू फुटलं, माझ्यादेखत. बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता. तिने स्टूल ओढलं आणि अक्कासमोर बसली.

"अक्का, आणखी काय काय विचारायचं राहिलंय?"