दोन नंबरचा रिमोट

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचत आलो, हे आधीच सांगून टाकतो. कोणाला घाटात लिफ्ट मागणारी बाई दिसली की खाली हसायचं चिन्ह टाकायचं आणि पुढं जायचं, एवढाच माझा सहभाग. दुसरं म्हणजे आमच्या घराण्यात या गोष्टींना जागाच नाही. आजोबांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यासोबत अंगात येणं, उतारे, मंतरलेले दोरे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. माझे बाबा तर त्यांच्याहून कडक. उमरेडच्या कॉलनीत कोणाच्या घरी भगताला बोलावलं असं कळलं की ते ड्युटीच्या कपड्यातच तिकडं जाऊन वाद घालायचे. अशा माणसाच्या मुलानं हे लिहावं म्हणजे... पण लिहितो. कोणी थट्टा केली तर हरकत नाही, मीही आजवर तेच केलंय.

बाबा उमरेडजवळच्या कोळसा खाणीत पंप चालवायचे. रिटायर झाल्यावर आई-बाबा तिथंच राहिले. मी नागपुरात मानेवाड्याला राहतो, वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मालाची आवक-जावक बघतो. काम अर्धं तिथून, अर्धं घरून. मागच्या वर्षी आई गेली आणि काही महिन्यांतच बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय ओढत का होईना चालू लागले, पण डावा हात मांडीवर नुसता पडून असायचा. आम्ही त्यांना इकडं घेऊन आलो. फिजिओथेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, बोटं आत्ता हलली तर हलली, नाहीतर हा हात कायमचा गेला समजा. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो पलंगाखाली लोटून दिला. आई गेल्यापासून त्यांना कशातच राम वाटत नव्हता.

आता माझा एक छंद आहे. जुन्या टीव्ही गेमचे रिमोट कॉम्प्युटरला जोडायचा. (लोक कंट्रोलर म्हणतात, जॉयस्टिक म्हणतात, आमच्या घरात त्याला रिमोटच म्हणत.) त्या रिमोटचा नऊ पिनांचा प्लग दिसायला कॉम्प्युटरच्या जुन्या पोर्टसारखाच असतो, पण तिथं खुपसून काही होत नाही. आतली चिप सगळी बटनं एकाच तारेवरून एकामागे एक सांगत असते, ते ऐकून यूएसबीच्या भाषेत सांगायला मधे एक छोटा बोर्ड लागतो. तो मी घरी बनवतो. बायको, रंजना, याला 'रिकामपणचे धंदे' म्हणते.

उमरेडहून आणलेल्या सामानात माझ्या लहानपणीचा टीव्ही गेम निघाला. खरं तर तो माझा नावालाच. मी शाळेत गेलो की दुपारी आई-बाबाच त्यावर रणगाड्यांचा गेम खेळत बसायचे. दोघांनी दोन रणगाडे घ्यायचे आणि खाली विटांच्या भिंतीत आपलं ठाणं असतं ते शत्रूपासून वाचवायचं. एक नंबरचा रिमोट बाबांचा, दोन नंबरचा आईचा. मला वाटलं, रणगाडा फिरवायची बटनं डाव्याच अंगठ्याखाली येतात, यापेक्षा चांगला व्यायाम कोणता!

दोन्ही रिमोट हॉलमधल्या कॉम्प्युटरला जोडले, त्यावरच तो रणगाड्यांचा गेम टाकला. कॉम्प्युटरवर एक खिडकी असते, बटन दाबलं की तिथं लाल दिवा लागतो. आईच्या रिमोटचं डावीकडं वळायचं बटन काही केल्या लागेना. आतलं रबर पार मेलेलं होतं. मी नवीन रबर टाकलं, दिवा लागला, मी खूश.

बाबांनी रिमोट हातात घेतला, एवढंच नाही, 'दोन खेळाडू' निवडलं. शेजारच्या खुर्चीवर दुसरा रिमोट ठेवायला लावला. खेळ सुरू झाला. बाबांचा अंगठा थरथरत, अडखळत का होईना हलत होता... पण आईचा रणगाडा जागेवरच उभा. शत्रू आला आणि त्यानं तो उडवला. बाबांनी रिमोट खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या वेळेस मी पाठीमागं डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. टेस्टिंगसाठी माझं वायरलेस गेमपॅडही दोन नंबरला लावून ठेवलेलं होतं, ते हातात होतं. शत्रू आईच्या रणगाड्याकडं येताना दिसला आणि मी, विचार न करता, रणगाडा बाजूला घेतला, गोळी मारली.

बाबांनी रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. मग हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

त्याच क्षणी उठून सांगायला हवं होतं, की बाबा, मी आहे. नाही सांगितलं. म्हटलं हात तर हलतोय. रोज दुपारी मी पाठीमागून आईचा रणगाडा चालवू लागलो. बाबा खुर्चीशी बोलायचे, 'अवं, तिकडून ये', 'थांब वं जराशी'. कधी माझा गोडाऊनचा फोन यायचा, लक्ष उडायचं, रणगाडा मरायचा. तेव्हा बाबा हळूच म्हणायचे, 'थकली का वं?' आणि मी फोनवर ड्रायव्हरशी हुज्जत घालत असायचो.

इथवर कोणी मला माफ करेलही. पुढचं ऐका. बाबा जेवायला कटकट करायचे, अर्धी पोळी टाकायचे. एकदा मी म्हणालो, 'बाबा, तुम्ही नीट जेवले नाही तर आई खेळत नाही बरं.' आणि खरंच रणगाडा उभा करून ठेवला. बाबांनी माझ्याकडं बघितलं, ताट ओढलं आणि सगळं संपवलं. मग हे रोजचंच झालं. गोळी घ्या, नाहीतर आई खेळणार नाही. व्यायाम करा, नाहीतर आई... रंजना एकदा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली की हे बरोबर नाही, सासूबाईंचा असा वापर करू नका. मी तिला म्हणालो, रिझल्ट बघ ना! रिझल्ट खरंच होता. अंगठा बराच मोकळा झाला होता. आजोबांनी घराबाहेर काढलेलं भूत मी वायरलेस गेमपॅडवर परत आणलं होतं, आणि वर मॅडमकडून शाबासकी घेत होतो.

मग ती दुपार आली. वाडीला एक ट्रक दुसऱ्याच पार्टीचा माल घेऊन लागला होता, मला तातडीनं जावं लागलं. निघताना भिंतीवरचं घड्याळ बंद दिसलं म्हणून गेमपॅडमधलेच सेल काढून त्यात टाकले. बाबांना म्हणालो, आज आराम करा.

गोडाऊनमध्ये रंजनाचा फोन आला. तिनं विचारलं, 'तुम्ही तिथून खेळून राहिले काय? लॅपटॉपवरून?' मी नाही म्हटलं.  ती म्हणाली, 'मग घरी या.'

मी मनात उत्तर शोधून ठेवलं होतं. काही वेळ कोणी हात लावला नाही की हा गेम स्वतःच नमुना खेळ दाखवतो, त्यात दोन्ही रणगाडे आपोआप फिरतात. तेच असणार. रिंग रोडनं घरी येईपर्यंत मला रंजनाच्या घाबरण्याचं हसूच येत होतं.

घरात आलो. रंजना स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाबा खेळत होते, आणि नमुना खेळ नव्हता, कारण बाबांचा रणगाडा बाबांच्या अंगठ्यासोबत वळत होता. शेजारची खुर्ची रिकामी. तिच्यावर दोन नंबरचा रिमोट नुसता पडलेला, एकही बटन हलत नव्हतं. माझं गेमपॅड डायनिंग टेबलवर, मागचं झाकण उघडं, सेलची जागा मोकळी. आणि पडद्यावर दुसरा रणगाडा ठाण्याच्या उजव्या अंगाला वर जात होता, खाली येत होता, शत्रू समोर येईपर्यंत थांबून मगच गोळी मारत होता.

मी कितीतरी वेळ तसाच उभा होतो. बूटही काढले नव्हते. 

डाव संपला, दोघांचे गुण पडद्यावर आले. दुसऱ्या खेळाडूचेही होते. बाबांनी मागं वळून न बघता विचारलं, 'आला काय गा?'

'हो बाबा.'

'बैस.'

मी जमिनीवरच बसलो. खुर्चीवर बसायची हिंमत नव्हती. बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'रोज तू खेळत होता. मले पहिल्याच दिवशी समजलं. तुह्या मायच्या रिमोटचं डावं बटन कधीचंच गेलं होतं. तिचा रणगाडा जलमात डावीकडं वळला नाही. उजवीकडंबी जपून वळे, गेली की वापस येता येत नव्हतं म्हणून. तुहा तर पहिल्याच दिवशी डावीकडं पळाला.'

मला तेव्हा कळलं की ते रबर बदलून मी काय दुरुस्त केलं होतं.

'आज?' मी विचारलं.

'आज एकडावबी नाही वळला,' बाबा म्हणाले. रंजनानं दारातून मान हलवली. तिनंही बघितलं होतं.

मी म्हणालो, तुम्हाला कळलं होतं तर मला बोलले काहून नाही? जेवणाचं, गोळ्यांचं मी ते सगळं... 

'मेलेलं माणूस जेवणाची अट घालत नाही गा,' बाबा म्हणाले. 'मी कोणाचा पोरगा हाय, विसरला काय तू? मी आपला जेवत होतो. बोललो असतो तर तू उठून गेला असता, अन् मंग माझ्यासंग कोण खेळलं असतं?'

यावर मला रडू आलं. रंजनासमोर, बुटांसकट जमिनीवर बसून मी लहान पोरासारखा रडलो. इतके दिवस मला वाटत होतं की मी म्हाताऱ्याला खेळवतोय. तो खेळ ते माझ्यासाठी चालू ठेवत होते. आईशी बोलल्यासारखं करून ते माझ्याशी बोलायचे, आणि मी पाठीमागं बसून फोनवर ट्रकचे नंबर सांगत होतो. मग पहिल्या दिवशी खुर्चीकडं बघून आलेलं ते हसू? तेही मला बघूनच असेल. विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

शेवटी मी एवढंच विचारलं, की बाबा, मग आज कोण होतं? जन्मभर भगतांशी भांडत आलेले बाबा म्हणाले, 'मले नाही मालूम. जे मालूम नाही ते नाही मालूम म्हणावं.'

नंतर मी सगळं उघडलं. बोर्ड तपासला, तारा तपासल्या, चिप बदलून बघितली. आईच्या रिमोटचं डावं बटन टेस्टच्या खिडकीत अजून व्यवस्थित दिवा लावतं. माझ्यासारख्याच छंदाच्या लोकांना विचारलं, त्यांनी सांगितलं की अर्थिंग कच्चं असेल, तारेत खरखर येत असेल, त्यानं बटन आपोआप दाबल्यासारखं होतं. होतं, मीही पाहिलंय. पण त्यानं रणगाडा वेड्यासारखा थरथरतो. तो शत्रूची वाट बघत उभा राहत नाही. ग्रुपमध्ये यातलं जाणणारं कोणी असेल तर जरूर सांगा, मी मनापासून विचारतोय. 

तुम्ही विचाराल, भीती वाटली का? त्या दुपारी वाटली. आता उरलीय ती शरम, ती काही जात नाही.

आता मी रोज बाबांच्या शेजारी, त्या खुर्चीवर बसून दोन नंबरचा रिमोट चालवतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. मी वाईट खेळतो, बाबा शिव्या देतात. पण कधी कधी नवा डाव सुरू व्हायच्या आधी ते म्हणतात, 'जरा ठेव गा.' मी रिमोट खाली ठेवतो. आम्ही दोघंही पडद्याकडं बघत राहतो. आईचा रणगाडा जागेवर उभा असतो. शत्रू येतो, गोळी सुटते, रणगाडा जातो. बाबा आणखी थोडं थांबतात, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणतात, 'बरं... घे, तू खेळ.'