गुरुवारचा तावला

बॅकगॅमन हा खेळ मी चाळिशीत शिकलो, आणि ज्याची बोटं माझ्यामुळे गेली त्याच्याकडूनच शिकलो. हे आधीच लिहून टाकतो, कारण मूळ मुद्द्याला बगल देण्यात मी पटाईत आहे.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी लाइन लीडर होतो, तिथे एक जुनी प्रेस होती. तिला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडणार. म्हणजे हात बटणांवर असताना डायखाली, पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याखाली, सापडायचा प्रश्नच नाही. इतकी साधी, शहाणी सोय. तिच्यावर मी डोकं चालवलं. एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, वरून चिकटपट्टी मारायची. मग एका हाताने ठोका, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. शिफ्टचं टार्गेट जेवणानंतर थोड्याच वेळात पुरं व्हायला लागलं आणि मला वाटायला लागलं, आपण उगाच इंजिनिअर व्हायचे राहिलो.

प्रेसवरच्या ऑपरेटरला ही युक्ती मीच शिकवली. तो म्हणाला, "हे बरं नाही, राव." मी म्हणालो, "भावा, लाइन कोण चालवतं, तू का मी?" तीन आठवड्यांनी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली आणि तिसरं अर्धं.

त्याच दिवशी ऑफिसात माझ्यापुढे एक कागद सरकवला गेला. 'कामगाराने परस्पर सुरक्षा बटण निकामी केले.' त्यावर मी न वाचता सही केली, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. वाचला होता.

चौकशी लागली. दोष त्याचा निघाला तर नोकरी जाणार. नाही निघाला तर स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळणार. एवढं कँटीनमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाचर कुणाची, हे फक्त त्याला आणि मला, आणि मी बोललो नाही तर त्याचं कुणी ऐकणार नव्हतं.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात सुट्टी. पहिल्या गुरुवारी मी डझनभर केळी घेऊन जवळच्या निघोजे गावात त्याच्या खोलीवर गेलो. माणूस परभणीकडचा, बायकोबरोबर तिथे भाड्याने राहायचा. मी केळी कशी निवडून घेतली ते सांगत बसलो. शेवटी त्यानेच खाटेखालून एक लाकडी पेटी ओढली आणि उघडून आडवी केली. आत पट.

"मस्कतला सहा वर्षं वेल्डिंग केलं. येताना दोन गोष्टी आणल्या. एक हा तावला, बॅकगॅमनला तिकडं तावलाच म्हणतात. दुसरी पाठदुखी. पाठदुखी शिकवता येत नाही. बस."

दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे, चोवीस घरं. आपल्या सोंगट्या फिरवून आपल्या कोपऱ्यात आणायच्या आणि तिथून पटाबाहेर काढायच्या. दोघांची वाट एकमेकांच्या उलट. एका घरात दोन सोंगट्या असल्या की समोरच्याला तिथे उतरता येत नाही. एकटी सापडली तर तो मारतो, आणि तिला पहिल्यापासून प्रवास.

पहिल्या डावात मी माझ्या सोंगट्या त्याच्याच कोपऱ्याकडे न्यायला लागलो.

"अरे, ह्या माझ्याकडं कशाला आणायलास? तुझं घर तिकडं आहे."

फासे तो डाव्या हाताने स्टीलच्या पेल्यातून टाकायचा. सोंगट्या मात्र मुद्दाम उजव्याच हाताने, पट्टीत गुंडाळलेल्या पंजाने ढकलायचा. शेजारची सोंगटी पडायची, घरंगळायची. मी भल्या माणसासारखा हात पुढे केला, तर कोपऱ्यातून त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, त्यांचं त्यांना करू द्या."

मग मी दुसरं पुण्यकर्म काढलं. त्याची एकटी सोंगटी दिसली तरी मारायची नाही. सलग चार गुरुवार तो जिंकला. पाचव्याला त्याने फासे पेल्यात टाकून पेला बाजूला ठेवला.

"तुला दिसत नाही, का दिसून सोडायलास?"

"अजून शिकतोय ना, राव."

"माझ्या सोंगट्या सोडून काही होणार नाही. सोमवारी तुला चौकशीला बोलवलंय. जे सोडायचं ते तिथं सोड."

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं: पाचर मी ठोकली. एचआरच्या साहेबांनी माझा जुना कागद पुढे ठेवला. "हेच म्हणणं आहे ना? बदलायचं असेल तर नवीन लिहा. मग पाचर कुणाची, त्याचं नावही लिहावं लागेल." आणि पेन दिलं. पेन चांगलं होतं. मी ते उघडलं, मिटलं, परत दिलं. "आहे ते ठीक आहे," म्हणालो. वर त्यांचा चहाही प्यालो.

गुरुवारी त्याने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

त्याने मान हलवली, बराच वेळ. त्याच्या बायकोने शिरा केला. मी दोनदा घेतला. त्या दिवशी मी त्याच्या सोंगट्या बिनधास्त मारल्या आणि पहिल्यांदा जिंकलो. त्यालाही बरं वाटलं. "आता यायलंय तुला," म्हणाला.

पुढचा गुरुवार तसाच गेला. त्यानंतरच्या गुरुवारी पोचलो तेव्हा पेटी खाटेखालीच होती आणि खाटेवर कंपनीचं पत्र पडलं होतं. स्वतःच्या निष्काळजीपणाबद्दल सेवेतून कमी. पत्राला माझा कागद जोडला होता. मला त्यांची ही पद्धत माहीत नव्हती. लाइन लीडरला काय काय माहीत नसतं, याची यादी मोठी आहे.

तो कागदाकडे बघत म्हणाला, "सही चांगलीय तुझी. सगळी अक्षरं लागतात."

मी म्हणालो, मी त्यांना तोंडी सांगितलं होतं, त्यांनीच लिहून घेतलं नाही. बोलताना मलाच ते पटायला लागलं होतं. त्याने मधेच थांबवलं.

"पुढच्या गुरुवारी येऊ नको. आम्ही गावाकडं चाललो."

यावर माणसाने काय म्हणावं? पाया पडावं, रडावं, निदान गप्प तरी बसावं. मी म्हणालो, "मग माझं शिकायचं राहिलेलं?"

त्याची बायको उठली, दाराबाहेर गेली आणि माझ्या चपला रस्त्याकडे तोंड करून नीट लावून ठेवल्या.