पिरॅमिडच्या दारातली आंघोळ

मी पिरॅमिडसमोर आंघोळ केलेली आहे. हौस म्हणून नव्हे; बायकोने करायला लावली म्हणून.

नव्वद सालची गोष्ट. आम्ही तेव्हा कुवेतला, हवल्लीत राहत होतो. मी एका कंपनीत हिशेबनीस, सुमन दवाखान्यात नर्स. इजिप्तवरची पुस्तकं वाचून वाचून मी तिला बेजार केलं होतं. मोठ्या पिरॅमिडच्या पोटात शिरायचं आणि राजाच्या दगडी पेटीला हात लावायचा, एवढी एकच इच्छा होती. ईदच्या सुट्टीत कैरोला गेलो. पिरॅमिडसाठी एकच सकाळ हाताशी होती, कारण दुपारचं परतीचं विमान होतं.

टॅक्सीवाल्याने आधी शेजारचं एका प्रधानाचं छोटं थडगं दाखवलं. सुमन बाहेरच थांबली. मी आत जाऊन भिंतीवरची चित्रं पाहून आलो आणि पिरॅमिडकडे वळलो, तोच ती आडवी आली.

"अहो, मयताच्या घरातून आलात. आंघोळ केल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात जायचं नाही."

"अगं, तो चार हजार वर्षांपूर्वी गेलाय."

"आपल्याला आज कळलं ना? बातमी उशिरा कळली तरी आंघोळ चुकत नाही."

"आणि तुझ्या वॉर्डात माणसं जातात तेव्हा?"

"ती ड्यूटी. ड्यूटीला विटाळ नसतो."

(तिच्याशी वाद घालून मी जिंकल्याची नोंद कुठेही नाही.)

टॅक्सीच्या डिकीत रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा डबा होता. सुमनच्या पिशवीतून पंचा निघाला. हा पंचा तिने कुवेतहून आणला होता, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं! मी गाडीआड पंचा नेसून उकिडवा बसलो. टॅक्सीवाला हसू दाबत डोक्यावर गंजकं, कोमट पाणी ओतू लागला. तेवढ्यात पर्यटकांची एक बस येऊन थांबली. त्या मंडळींनी पिरॅमिडकडे पाठ फिरवली आणि माझे फोटो काढायला सुरुवात केली. एका उंटवाल्याने तर उंटही चांगला दिसेल असा उभा केला.

गर्दी पाहून पोलीस आला. सुमन पुढे झाली. तिला अरबी यायचं, पण सगळं वॉर्डातलं. माझं मनगट हातात धरून तिने जी येत होती ती वाक्यं धीराने म्हटली. "घाबरू नका. दुखतंय का? रात्री झोप लागली का?" पोलिसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिने धरलेल्या नाडीकडे, आणि त्याचा चेहरा कळवळला. पिरॅमिडच्या दारावरच्या माणसाला त्याने हाक मारून सांगितलं: हा आजारी आहे, आतली चढण याला झेपणार नाही, सोडू नका.

मी खूप समजावलं. पण ओल्या पंच्यातल्या माणसाचं कोण ऐकतं?

"तिकीट वाया कशाला घालवायचं? मी बघून येते. आंघोळ हॉटेलवर करीन," सुमन म्हणाली आणि माझ्या तिकिटावर आत गेली. मी एका दगडावर बसून केस वाळवत राहिलो.

बऱ्याच वेळाने ती घाम पुसत बाहेर आली.

"काय पाहिलंस?"

"रिकामी खोली, रिकामी पेटी. ज्याचं घर तोच नाही हो. मग आता आंघोळ कसली?" मग थबकून म्हणाली, "तुमच्या त्या प्रधानाच्या थडग्यात तरी होतं का कुणी?"

नव्हतं. थडगी केव्हाच रिकामी झाली आहेत, हे मी एकूण एक पुस्तकात वाचलं होतं. नेमकं वादाच्या वेळी आठवलं नाही.

"म्हणजे माझी आंघोळ फुकट गेली?"

"फुकट कशी? सकाळी हॉटेलात तरी कुठे केली होतीत?"

ऑगस्टात इराकी फौजा घुसल्या आणि कुवेत सोडावं लागलं, तेव्हा ती पुस्तकं हवल्लीतच राहिली. गेल्या वर्षी सुमनही गेली. अजून कुणी ना कुणी विचारतं, "तुम्ही इजिप्तला गेला होतात ना? पिरॅमिड आतून कसा असतो?"

रिकामी खोली, रिकामी पेटी, असं मी जाणकारासारखं सांगतो. एवढं वाचून मला आतलं ठाऊक आहे ते इतकंच, आणि तेही बायकोकडून ऐकलेलं.