काळा चष्मा आणि बावीस हात

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी आजही काम करतो, तिथली सकाळची पाळी भोंग्याने सुरू होत नाही, हात मिळवून होते. भोंगा वाजतो, पण त्याला कोणी विचारत नाही. सात वाजायला पाच मिनिटं असताना माणूस आत येतो, डबा ठेवतो आणि पहिल्या मशीनपासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाशी हात मिळवत जातो. काल ज्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं त्याच्याशीही. हात तेलकट असेल तर मनगट पुढे करायचं, पण माणूस टाळायचा नाही. एखादा तसाच कामाला लागला, तर नाश्त्याच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शेडमध्ये एकच विषय चालतो, याचं काय बिनसलं म्हणून.

हे मला पहिल्याच दिवशी मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमच्या तपासणी विभागातले सगळ्यात जुने गृहस्थ. दिंडोरीकडचे, मिशा पांढऱ्या, निवृत्तीला जेमतेम काही महिने उरलेले. मी थेट बाकावर जाऊन बसलो तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "आधी माणसाला हात, मग मालाला," म्हणाले. "मशीन पळून जात नाय. माणूस रुसला तर लय अवघड हाय." मी बावीस जणांशी हात मिळवून आलो आणि मग कामाला बसलो.

काम तसं सोपं होतं, बघायचं. गाड्यांच्या गिअरबॉक्समधले छोटे दातेरी भाग ट्रे भरून समोर येत. ट्यूबलाइटखाली एकेक उचलून त्याला ओरखडा आहे का, तडा आहे का, कडेला नको तो कंगोरा राहिलाय का, ते पाहायचं. चांगला डावीकडे, वाईट उजवीकडे. माझे डोळे म्हणजे माझी सगळी विद्या.

त्याआधी तीन वर्षं मी वेगवेगळ्या ठिकाणी कंत्राटी म्हणून काढली होती. दर काही महिन्यांनी ठेकेदार बदले आणि आमच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा रंगही. इथे मात्र कंपनीचं स्वतःचं नेमणूकपत्र मिळालं. चार पानी, इंग्रजीत, प्रत्येक पानावर माझी सही. घरी आणलं तेव्हा आईने ते माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलं, देवघरात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. ते पत्र परत बाहेर काढायची माझी छाती झाली नाही. खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही. नोकरी लागली, आता वाचायचं काय?

सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. ते पार पडलं की कायम. आणि प्रोबेशनमध्ये सुट्टी टाकली की पत्ता कट, हे तर सातपूरमधल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. मला चार जणांनी सांगितलं होतं आणि मी आणखी चार जणांना. साडेचार महिन्यांत मी एकही खाडा केला नाही. चुलत भावाच्या हळदीला गेलो, लग्नाला गेलो नाही. काकू अजून ऐकवते. एकदा गाडी पंक्चर झाली तर ती वाटेतल्या टपरीवाल्याच्या गळ्यात मारून उरलेला रस्ता धावत गेलो आणि सहा छप्पन्नला पहिला हात मिळवला.

मग श्रावणातल्या एका बुधवारी संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पापणी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "आले डोळे. चार दिवस घरी बसायचं. हाताने पसरतं हे, कोणाला हात लावू नकोस." थेंब दिले, आणि न मागता आजारपणाचा दाखलाही लिहून दिला. मी दाखला घडी करून खिशात घातला आणि तो तिथेच राहील असं ठरवून टाकलं.

आईने पदर डोळ्यांवर ओढून घेतला. "माझ्याकडे बघू नकोस! आणि उद्या सुट्टी टाक."

"प्रोबेशनमध्ये सुट्टी नसते, आई."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तिच्यावर चिडलो. उत्तर नसलं की चिडायचं, ही आमच्या घराण्याची जुनी खोड आहे.

डॉक्टर काहीही म्हणोत, डोळे हे डोळ्यांत बघितल्याने येतात, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आईही त्याच मताची, नाहीतर पदर कशाला ओढला असता? म्हणजे डोळे झाकले की प्रश्न मिटला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा कपाटात होता, दोन्ही बाजूंनी झाकलेला. गुरुवारी सकाळी तो लावून मी कामावर गेलो. "डोळ्यात कचरा गेलाय, उजेड टाळायला सांगितलाय," हे वाक्य रस्ताभर घोकत होतो.

आता मुख्य अडचण होती हात मिळवण्याची. एक दिवस टाळलं असतं तरी बावीस जणांनी विचारलं असतं. मग म्हटलं, डोळे तर झाकलेत, हातांचं काय बिघडतंय? आणि निघालो पहिल्या मशीनपासून. मध्येच चष्म्याखालून गालावर पाणी ओघळे, ते हाताने पुसायचो आणि तोच हात पुढच्या माणसाला द्यायचो. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होतो. कचऱ्याचं कारण सगळ्यांना पटलं. मामांनी मात्र माझा हात हातात धरून क्षणभर जास्तच ठेवला, चष्म्याकडे पाहिलं आणि "बस जा कामाला," एवढंच म्हणाले. नऊच्या फेरीला साहेब आले. आमचे साहेब, म्हणजे विभागाचे मॅनेजर, हेही सगळ्यांशी हात मिळवणाऱ्यांपैकी. त्यांच्याशीही मिळवला.

गुरुवार निघाला, शुक्रवार निघाला. शंका आली की मी माल उजवीकडेच टाकत होतो, त्यामुळे दोन दिवस आमच्या खात्यात नापास मालाचे डोंगर झाले. शनिवारी आमची आठवड्याची सुट्टी. रविवारी सकाळी डोळे लख्ख उघडले, पांढरेशुभ्र. आईचा चष्मा कपाटात परत ठेवला आणि शीळ घालत कामावर गेलो.

त्या दिवशी तीन जण आले नाहीत. सोमवारी सात. मंगळवारी शेडमध्ये जे उरले होते त्यांच्यातले निम्मे काळे चष्मे लावून एकमेकांना चाचपडत होते. मामा पाच दिवस आडवे. साहेबांचे डोळे तर असे सुजले की केबिनचे पडदे लावून बसले. आणि तपासणीच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा मी. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. चार दिवस मी तीन माणसांचं काम ओढलं. ट्रकवाले थांबले होते, पण माल वेळेवर गेला.

गुरुवारी साहेब काळा चष्मा लावून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "सगळे आडवे पडले, हा एकटा उभा राहिला," म्हणाले. "प्रोबेशनवाला पोरगा, बघा! याचं कायमचं पत्र मी सहा महिन्यांची वाट न बघता काढणार." टाळ्या पडल्या. मी छाती फुगवली. लाज वाटायला हवी होती, पण खोटं कशाला बोलू, गुदगुल्या झाल्या.

साहेब पुढे बोलले ते ऐकून मात्र छातीतली हवा निघाली. ही साथ चहाच्या कपांतून आली, असं त्यांच्या कानावर आलं होतं. चहा द्यायला येणाऱ्या मावशींचे डोळे रविवारपासून लाल होते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा सोमवारपासून मावशींचा चहा बंद, मशीनचा चहा सुरू.

मावशी रोज दोन वेळा किटली घेऊन येत. गवती चहा टाकलेला, आलं ठेचलेलं. त्यांचं घर त्या किटलीवर चालायचं. त्या दाराशीच उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. "मी कप उकळत्या पाण्यातून काढते हो, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या. साहेब केबिनकडे वळलेही. मावशींचे डोळे कसे आले ते मला चांगलं ठाऊक होतं. मागच्या गुरुवारी त्यांच्या हातून कप घेताना मी चष्म्याखाली बोट घालून डोळा चोळला होता आणि रिकामा कप त्याच हाताने त्यांच्या हातात दिला होता.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला. भाकरी होती, मेथीची भाजी होती, तसाच परत बंद केला. कायमचं पत्र इतकं जवळ होतं की दिसत होतं. गप्प बसलो असतो तर कोणाला कळणार होतं? मावशी उद्या दुसऱ्या कारखान्यात जातील, असंही मनाला सांगून पाहिलं. मनाने ऐकलं नाही. खिशात हात घातला तर तो दाखला लागला, घडी घामाने मऊ झालेली. उठलो आणि केबिनच्या दारावर टकटक केली.

साहेबांनी दाखला चष्म्याजवळ नेला, लांब नेला, शेवटी चष्मा काढून लाल डोळ्यांनी तारीख वाचली. मी एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे माझेही डोळे..."

"हो साहेब. हात मिळवला होता."

"मूर्ख आहेस का रे तू?" साहेब ओरडले ते बाहेर पहिल्या मशीनपर्यंत ऐकू गेलं. "सुट्टी का नाही टाकलीस?"

"प्रोबेशनमध्ये सुट्टी टाकली की काढून टाकतात ना, साहेब."

"कोणी सांगितलं? नेमणूकपत्र वाचलंस का?"

"सही केलीय."

"वाचलंस का, ते विचारतोय."

"आईने देवघरात ठेवलंय."

साहेबांनी दाखला टेबलावर आपटला. "मग देवाने तरी वाचलं का?" म्हणाले. मला हसू यायला लागलं आणि रडूही. "जा घरी. दोन दिवस कामावर येऊ नकोस. ते पत्र काढ आणि वाच. कायमचं काय करायचं ते मी नंतर बघतो."

अशी माझी प्रोबेशनमधली पहिली सुट्टी लागली, ठणठणीत बरा असताना. घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पाय धुतले, देवघरातून पत्र काढलं आणि जमिनीवर पसरलं. शब्दकोश जवळ घेऊन मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो, ती मान हलवत ऐकत गेली. तिसऱ्या पानावर कुंकवाचा मोठा डाग पडला होता. बरोबर त्या डागाखाली लिहिलेलं होतं, की प्रोबेशनच्या काळात डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणाची रजा मिळेल, फक्त पहिल्या दिवशी कळवावं.

"सगळे म्हणजे कोण?" आईने पुन्हा विचारलं. या वेळी चिडायला तोंडच नव्हतं.

मशीनचा चहा आलाच नाही. परत गेलो त्या दिवशी मावशी किटली घेऊन दारात हजर होत्या. साहेबांनी त्यांना बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली होती म्हणे. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी मला मध्येच थांबवलं, माझी हनुवटी धरून दोन्ही डोळे नीट तपासले आणि मगच कप दिला. पुढे कितीतरी दिवस त्या माझे डोळे बघितल्याशिवाय चहा देत नव्हत्या आणि सगळी शेड खिदळायची. चहा मात्र काठोकाठ असायचा.

माझं प्रोबेशन महिनाभर वाढलं. काढलं नाही, हीच मोठी गोष्ट. शेडमध्ये हात मिळवायला बंदी आली, फक्त लांबून नमस्कार. सकाळ कशी मिळमिळीत झाली. काल भांडलेली माणसं नमस्कार करून मोकळी होत, राग तसाच राही. त्याचं खापरही माझ्यावरच फुटायचं, आणि ते बरोबरच होतं.

वाढलेला महिना संपला आणि कायमचं पत्र हातात आलं. ते मी कारखान्याच्या पायरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आईच्या हाती लागायच्या आत. त्याच आठवड्यात मामा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सकाळी ते नवा सदरा घालून आले, साहेबांकडे बघून म्हणाले, "आज माझा नियम," आणि पहिल्या मशीनपासून हात मिळवत निघाले. कोणी अडवलं नाही. साहेबांनी स्वतः हात पुढे केला, आणि त्या दिवशी बंदी उठली ती कायमचीच.

मी शेवटच्या बाकावर होतो. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "डोळे बरे हायेत ना आता?"

"मामा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तर! गालावर पाणी गळत होतं तुझ्या. घरी तीन नातवंडं हायेत माझ्या, आलेले डोळे मला कळत नाय व्हय?"

"मग हात का दिलात?"

"नवीन पोरगा तू. माझ्या हाताकडं सगळ्यांचं लक्ष असतंय. मी नसता दिला तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं, आजार फुटला असता आणि प्रोबेशनमध्ये तुला घरी बसवलं असतं." मामांनी माझा हात सोडला आणि सदऱ्याला हात पुसत हसले. "पाच दिवस डोळे गेले. तुझी नोकरी नाय गेली."

मग ते बाकावरचा माझा ट्रे जरा सरळ करून साहेबांबरोबर चहा प्यायला गेले. त्या दिवशी मी पहिला भाग उचलला तेव्हा डोळ्यांना धारा लागल्या होत्या, आणि घालायला चष्माही नव्हता.